पाय आपटून मारलेली हाक

आमच्या घरात पप्पांना हाक मारायची असेल तर लादीवर पाय आपटतात. टाच घट्ट रोवून, एकदाच. तो धक्का लादीतून त्यांच्या तळव्यांपर्यंत पोचतो आणि ते मान वळवून बघतात. मग आपण त्यांच्यासमोर उभं राहायचं, तोंड नीट उघडायचं आणि मोठ्याने बोलायचं. तेही मोठ्यानेच उत्तर देतात, कारण स्वतःचा आवाज त्यांना फारसा ऐकू येत नाही. लहानपणापासून मी हे असंच बघत आलोय. यात काही वेगळं आहे हे मला कॉलेजात जाईपर्यंत कळलं नव्हतं.

पुढचं मला नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलेलं नाही, आणि घरातली गोष्ट कागदावर लिहायची सवय तर कोणालाच नाही. पण जे झालं त्यात माझा हात होता, आणि ते मी एकदा तोंडाने सांगितलंय. आता लिहून बघतो.

पप्पा ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात पॉवर प्रेस चालवतात. पत्र्याची पट्टी साच्यात सरकवायची, पायाखालचं पेडल दाबायचं, वरून लोखंडाचा ठोका पडतो आणि डब्याचं झाकण कापून खाली पडतं. अशी दिवसभर झाकणं. एका शेडमध्ये दहा-बारा मशिनी, त्यामुळे तिथे हाक ऐकू येत नाही. आणि तिथे एक नियम आहे. प्रेसवर बसलेल्या माणसाला मागून हात लावायचा नाही. तो दचकला तर पाय पेडलवर पडतो, आणि हात तर साच्यात असतो. त्याला बोलवायचं असेल तर हातातला पाना मशीनच्या पायावर एकदा ठोकायचा. त्याला ते अंगातून कळतं. पप्पांनी हा नियम घरी आणला.

मी सात वर्षांचा असताना नियम विसरलो आणि मागून त्यांच्या गळ्यात पडलो. त्यांचा कोपर फिरून माझ्या तोंडावर बसला. दात पडला, ओठ फाटला, शाळेच्या शर्टावर रक्त सांडलं. आई सांगते की त्यानंतर ते अख्खी संध्याकाळ माझी हनुवटी धरून ओला रुमाल लावत बसलेले, जेवलेही नाहीत. ती सांगते म्हणून मला माहीत आहे. मला आठवतो तो फक्त कोपर.

त्यांचा उजवा कान पूर्ण गेलेला. डावा थोडा चालायचा, तोंड जवळ नेऊन बोललं तर निम्मं कळायचं. उजव्या हाताची दोन बोटं प्रेसने नेली आणि उरलेली आखडून गेली, त्यामुळे तो हात उघडा असला तरी लांबून मूठ आवळल्यासारखा दिसतो. घरात आम्हाला हे इतकं सवयीचं आहे की तो हात आम्ही कधी बघतच नाही.

आधी आम्ही कारखान्याच्या मागे, डोंगराच्या बाजूच्या चाळीत राहायचो. तिथे निम्मे पुरुष प्रेसवर, उरलेले कुठल्या ना कुठल्या ठोकाठोकीच्या कामावर. सगळ्या खोल्यांत ओरडूनच बोलायचे. "मीठ दे" हेसुद्धा भांडल्यासारखं. त्यामुळे चार नंबरच्या खोलीतली काकी नवऱ्याचा मार खायची, तेव्हा तो आवाज बाकीच्या आवाजांत मिसळून जायचा. लोक म्हणायचे, त्यांचं चालूच असतं. ती नळावर यायची तेव्हा डोळ्याखाली काळंनिळं असायचं, आणि बायका तिला पुढे नंबर द्यायच्या. तेवढंच.

मी दहा वर्षांचा असताना एकदा संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज आला. आधी तिचा, मग त्याचा, मग टणक असं काहीतरी दगडावर आपटल्याचा. दोनदा. आईने टीव्हीचा आवाज वाढवला. मी आईच्या तोंडाकडे बघितलं, ती भाजी निवडत होती. थोड्या वेळाने ओटीवर आरडाओरडा झाला. काकीला चादरीत घालून चौघांनी उचललं तेव्हा तिचं डोकं एका बाजूला लोंबत होतं आणि चादरीतून रक्त टपकत होतं, थेट आमच्या दारासमोरून. ती तिसऱ्या दिवशी गेली. त्याने तिचं डोकं पाट्यावर आपटलं होतं.

आई नंतर खूप दिवस म्हणायची, "मला खरंच वाटलं, कोणीतरी नारळ फोडतंय."

तेव्हा मला वाटायचं आई खोटं बोलते. आता तसं वाटत नाही. मला वाटतं, तिला नारळच ऐकू आला असेल. दुसरं काही ऐकू आलं असतं तर उठावं लागलं असतं. पण दहाव्या वर्षी मी मनात एक ठरवून टाकलं की मी मोठा झाल्यावर असा आवाज आला तर दार उघडणार. मी त्या बायकांसारखा नळावर नंबर देऊन गप्प बसणार नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही डोंबिवलीला मानपाड्याला राहायला आलो. वन रूम किचन, दुसरा मजला, घराला लॅच. दार ओढलं की बंद, बाहेरून उघडायचं तर किल्लीच लागते. एक किल्ली पप्पांकडे, एक माझ्याकडे. इथले लोक हळू बोलतात. आमच्या बरोबर खाली एक काका राहतात, सरकारी नोकरीतून निवृत्त, बोलणं अगदी पुस्तकासारखं. पहिल्याच आठवड्यात ते जिन्यात मला म्हणाले, "बाळा, वर काही आपटतं का? आमचा पंखा हलतो." मी म्हणालो, "नाही काका, ते पप्पांना हाक मारतो आम्ही." ते थोडं हसले. मला वाटलं त्यांना कळलं. मी पुढचं सांगायला हवं होतं, प्रेस, कान, नियम, सगळं. पण खरं सांगायचं तर मला लाज वाटली. नव्या बिल्डिंगमध्ये बाप बहिरा आहे हे सांगायची.

आणि ते एक वाक्य सांगितलं नाही म्हणून खालच्या घरात दुसरीच गोष्ट तयार झाली. त्यांच्या छतावर रोज काहीतरी धप्पकन आदळायचं, आणि लगेच एक पुरुष ओरडायचा. आई बारीक अंगाची आणि बुजरी, जिन्यात कोणाशी बोलायची नाही. कोणी मागून "कसं काय" म्हटल्यावर पप्पांनी कधी वळून बघितलं नाही, कारण ऐकूच आलं नाही. आणि तो हात. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच जुळवलं असतं.

त्यात मी भर घातली.

कॉलेजात मी मानसशास्त्र घेतलंय आणि पथनाट्याच्या ग्रुपमध्ये आहे. घरातल्या मारहाणीवर आमचं एक नाटक होतं. मीच सुचवलं की आमच्या सोसायटीत करू. रविवारी सकाळी पाण्याच्या टाकीजवळ आम्ही ते केलं. मी शेजारी झालेलो. भिंतीपलीकडून बाईचा आवाज येतो, शेजारी आधी गप्प बसतो, मग उठतो आणि दार ठोठावतो. माझं शेवटचं वाक्य होतं, "आवाज ऐकू आल्यावर दार वाजवायला कोणाची परवानगी लागत नाही." ते म्हणताना मला चार नंबरची काकी आठवली आणि मी ठरल्यापेक्षा मोठ्याने ओरडलो. अभिनय नव्हता तो.

पप्पांची त्या दिवशी दुसरी पाळी होती, ते मागे उभे होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यावर त्यांनीही वाजवल्या. घरी आल्यावर विचारलं, "कशावर होतं रे?"

"बायकांना मारतात त्याच्यावर."

"चांगलं केलंस. तोंड स्पष्ट उघडत होतास, मला अर्धं कळलं."

खालच्या काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. "फार धैर्य लागतं या गोष्टीला," ते म्हणाले. "आम्ही समजू शकतो."

मी विचारलं, "आवाज पोचत होता का काका, मागपर्यंत?"

"पोचला. सगळ्यांपर्यंत पोचला."

मी खूश होऊन घरी गेलो. मला वाटलं ते नाटकाबद्दल बोलत होते.

कारखान्यांना आमच्याकडे शुक्रवारी सुट्टी असते. त्या शुक्रवारी मी कॉलेजातून दुपारी अडीचच्या सुमाराला आलो. पहिल्या मजल्यावर काका दारात उभे होते. त्यांच्याबरोबर आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी होत्या, आणि चौथ्या मजल्यावरचा एक तरुण, जिममध्ये जाणारा, ज्याला मी दादा म्हणायचो. तिघंही वर बघत होते.

काका म्हणाले, "बाळा, एकटा वर जाऊ नकोस."

तेवढ्यात धप्प झालं. पुन्हा झालं. मग आईचा आवाज. आई मोठ्याने बोलते, पण हा आवाज मी तिच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता. एखादं जनावर पायाखाली सापडल्यावर ओरडतं तसा. आणि त्यावर पप्पांचा, पूर्ण ताकदीने, "बोल. बोल ना. बोल."

मी त्या दोघांबरोबर वीस वर्षं राहिलोय. पाय आपटल्याचा आवाज काय, पप्पांचा चिडलेला आवाज काय आणि साधा काय, हे मला झोपेतही सांगता येतं. मी एकटा असतो तर मला कदाचित कळलं असतं की ते चिडलेले नाहीत, घाबरलेत. पण त्या तिघांचे चेहरे माझ्यासमोर होते. त्या चेहऱ्यांवर आधीच लिहिलेलं होतं आत काय चाललंय, आणि मी ते वाचलं. मला पाटा ऐकू आला. दगडावर टणक काहीतरी. दहा वर्षांपूर्वीचा तो आवाज माझ्या कानात होताच, तो त्या दाराआड जाऊन बसला.

आम्ही वर धावलो. दादाने बेल दाबून धरली. आतून कोणी आलं नाही. पप्पांना बेल ऐकू येत नाही, हे मला माहीत होतं. त्या क्षणी तेही मला आठवलं नाही. मला वाटलं, तो मुद्दाम उघडत नाही. "तो" असंच मनात आलं, पप्पा नाही.

दादाने दारावर लाथ घातली. "तोडतोच," तो म्हणाला.

मी म्हणालो, "थांब. किल्ली आहे."

आणि मी दार उघडलं.

आई जमिनीवर होती, केस सुटलेले, कपाळ लालभडक. पप्पा गुडघ्यांवर तिच्या अंगावर वाकलेले, डाव्या हाताने तिचा खांदा धरलेला. उजवा हात वर होता. मला मूठ दिसली. माझ्या बापाचा हात, ज्या हाताला धरून मी शाळेत गेलो, आणि मला मूठ दिसली.

दादाने मागून त्यांची कॉलर धरली. मागून. पप्पा दचकले आणि त्यांचा कोपर फिरला, तो दादाच्या बरगडीत बसला. मग जे सुरू झालं ते थांबेना. दादाने त्यांचं डोकं कपाटावर आपटलं. कपाटाचा आरसा फुटला. काकांनी त्यांचे दोन्ही हात मागे ओढून धरले, साठीच्या पुढचा माणूस, हळू बोलणारा, दात-ओठ खात धरून उभा होता. दादाने पोटात गुडघा घातला, पप्पा वाकले, मग सरळ करून तोंडावर मारलं, पुन्हा मारलं. "बाईवर हात टाकतो, बुढ्या. बाईवर." पप्पांना काही कळत नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते, माझ्या तोंडाकडे. मी काहीतरी बोलेन आणि त्यांना कळेल म्हणून. माझं तोंड बंद होतं.

मी आईला वाचवत होतो. तिच्या कमरेला विळखा घालून मी तिला मागे ओढत होतो आणि ती सुटायला धडपडत होती. ती ओरडत होती, "सोडा त्यांना, सोडा." काका धापा टाकत म्हणाले, "नवऱ्याला पाठीशी घालणारच ती. त्यांना तेच शिकवलेलं असतं." मलाही तसंच वाटलं. हे आमच्या नाटकातही होतं. तेव्हा आईने माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला. तो वळ अजून आहे.

मग दादाने हात मागे नेऊन पूर्ण तळहात पप्पांच्या डाव्या कानावर मारला. तो आवाज मी विसरू शकत नाही. फुगा फुटल्यासारखा, पण ओला. पप्पा खाली बसले. कानातून बारीक रक्ताची धार गालावर आली.

वहिनींनी खाली पडलेला फोन उचललेला, तो चालूच होता. त्यांनी सवयीने तो कानाला लावला. त्यांचा चेहरा बदलला. "थांबा," त्या म्हणाल्या. "अहो थांबा. यांचा भाऊ वारलाय."

फोन चिपळूणजवळच्या आमच्या आजोळच्या गावातून होता. माझा मामा दुपारी जेवता जेवता पडला आणि गेला. मामीने आईला तेच सांगितलं होतं. आईने ऐकलं आणि खाली बसून कपाळ आणि दोन्ही हात लादीवर आपटायला लागली. पप्पांना तळव्यांतून कळलं, त्यांना वाटलं ती बोलावतेय. ते आतून आले तर बायको जमिनीवर लोळतेय, तोंड वेडंवाकडं झालेलं, त्यामुळे ओठ वाचता येईनात. ते एका हाताने तिला धरून, दुसरा हात हलवत विचारत होते, काय झालं, बोल.

पप्पा सांगतात, त्यांनी "काय झालं" हे निदान दहा वेळा विचारलं. आईही तेच सांगते. म्हणजे ते दारातून बाहेर आलंच असणार. आम्ही चार जण उभे होतो बाहेर, आठ धड कान. आम्हा चौघांनाही फक्त "बोल" ऐकू आलं. माझ्या डोक्यात तर अजून एक गोष्ट आहे. दार उघडायच्या आधी आईने "मारू नका" म्हटलेलं मला स्वच्छ आठवतं. तिचा आवाज, तिची लकब, सगळं. आई म्हणते ती एक शब्दही बोलली नव्हती. मी तिच्यावर विश्वास ठेवतो. तरी ते वाक्य अजूनही ऐकू येतं.

आम्ही पप्पांना रिक्षात घालून हॉस्पिटलमध्ये नेलं. दादा पुढे ड्रायव्हरच्या बाजूला बसला, आणि वाटभर रडत होता. डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय. तो भरून येईल, पण कान मुळातच इतका कमजोर होता की पुढे किती चालेल सांगता येत नाही. त्या सगळ्या गडबडीत संध्याकाळ झाली. गावाला मयत थांबवून ठेवणं शक्य नव्हतं. मामाला पोचवून लोक परत आल्यावर मामीने फोन केला. आईला भावाचं तोंड शेवटचं बघायला मिळालं नाही. ती हॉस्पिटलच्या बाकावर बसून एवढंच म्हणत होती, "एकच भाऊ होता मला."

पप्पांनी पोलिसात जायला नकार दिला. कपाळाला पट्टी, डावा कान कापसाने बंद, ओठ सुजलेला, तसेच म्हणाले, "ते काय विचारणार ते मला ऐकू तर आलं पाहिजे." मग थोडं हसले. 

पण एक प्रश्न त्यांनी विचारला. घरी आल्यावर, दुसऱ्याच दिवशी. "दार कोणी उघडलं?"

लॅच तुटलेलं नव्हतं. पप्पांना यंत्र कळतं, त्यांनी ते काढून बघितलं. आई म्हणाली, "माझ्याच हातून उघडं राहिलं असणार. मी कपडे काढायला गच्चीवर गेलेले." मी तिथेच उभा होतो. किल्ली माझ्या खिशात होती.

त्यानंतर आईला एक खोड लागली. दर थोड्या वेळाने उठून दाराजवळ जायची, लॅच दाबून बघायची, मग पुन्हा दाबून बघायची. पोळी लाटता लाटता उठायची. भावाचा दहावा झाला तरी ती त्याच्यासाठी कमी आणि दारासाठी जास्त रडत होती. "मी नीट लावलं असतं तर," एवढंच.

काका एकदा येऊन गेले. पप्पांच्या पायाशी बसले, हात जोडले, काहीतरी बोलले, पप्पांना ते कळलं नाही पण त्यांनी मान हलवली. जाताना काका मला जिन्यात म्हणाले, "दाराचं आम्ही कोणाला बोललो नाही हो. तू काळजी करू नकोस. तुझा हेतू चांगला होता."

मला वाटतं ते ऐकूनच मला राहवेना. हेतू चांगला होता हे खरं आहे की मी तेही नंतर जुळवलं? मी खरंच चार नंबरच्या काकीसाठी दार उघडलं का? की मला त्या तिघांच्या बाजूला उभं राहायचं होतं, हळू बोलणाऱ्या माणसांच्या?  परीक्षेत मला आकलनाच्या, म्हणजे माणूस बघितल्या-ऐकल्याचा अर्थ कसा लावतो त्या धड्यावर सगळ्यात जास्त मार्क पडलेत, आणि मला माझंच उत्तर माहीत नाही.

आधी मी मोबाइलवर लिहून पप्पांना पाठवायचं ठरवलं. लिहिलं, पुसलं, चार वेळा. मग त्यानंतरच्या एका शुक्रवारी ते खिडकीजवळ बसले होते तेव्हा मी त्यांच्यामागे गेलो आणि लादीवर पाय आपटला. ते वळले नाहीत. मी पुन्हा आपटला, जोरात. ते दचकून वळले, हात तोंडासमोर धरून. मार खाणारा माणूस धरतो तसा. आधी ते असं कधी करत नव्हते.

मी त्यांच्यासमोर बसलो. "दार मी उघडलं," मी म्हणालो.

त्यांनी कान पुढे केला, मग आठवण झाल्यासारखा मागे घेतला आणि माझ्या ओठांकडे बघितलं. "काय?"

तेव्हा मला कळलं की हे हळू सांगता येणार नाही. आमच्या घरात कुठलीच गोष्ट हळू सांगता येत नाही. मी तोंड नीट उघडलं आणि ओरडून म्हणालो, "दार मी उघडलं. माझ्या किल्लीने. आईने नाही. मी."

स्वयंपाकघरातला पोळपाटाचा आवाज थांबला. खाली काकांच्या घरातला रेडिओही थांबल्यासारखा वाटला. अख्ख्या बिल्डिंगने ऐकलं असणार.

पप्पा पुढे सरकून बसले. मग त्यांनी विचारलं, "तुला काय ऐकू आलेलं?"

मी सांगितलं. पाटा सांगितला. मूठ सांगितली. "मला वाटलं तुम्ही आईला मारताय."

त्यांनी उजवा हात मांडीवरून उचलला आणि स्वतःच उलटसुलट करून बघितला. "प्रेस ठोका मारून परत वर जाऊन बसते ना," ते म्हणाले, "तेव्हा खट् असा आवाज येतो. तो आला की मग साच्यात हात घालायचा. वीस वर्षं तेच केलं. ज्या दिवशी ही बोटं गेली, त्या दिवशी मी खट् ऐकला. आजपण शपथेवर सांगेन. बाजूच्या मशीनवरचा म्हणाला, खट् झालाच नाही. मशीन वर जाऊन थांबलीच नव्हती, परत खाली येत होती." त्यांनी हात मांडीवर ठेवला. "आणि कान तर माझे त्याच्या आधीच गेलेले. मग मी ऐकलं काय?"

मला वाटलं, आता ते माझ्या डोक्यावर हात ठेवतील. मला खरंच तसं वाटलं. त्यांचा हात पुढे आला आणि मी डोकं थोडं खाली केलं.

"किल्ली दे," ते म्हणाले.

मी खिशातून किल्ली काढून त्या हातावर ठेवली. त्यांनी ती शर्टाच्या खिशात टाकली आणि खिडकीकडे वळले. आई दारात येऊन उभी होती, हाताला पीठ. ती परत पोळ्या लाटायला गेली. पण त्या दिवसानंतर ती लॅच बघायला उठली नाही.

याला आता चार महिने झाले. पप्पा कामावर जातात. डावा कान जवळजवळ गेलाच. शुक्रवारी आई बाजारात गेलेली असेल आणि मी कॉलेजातून आलो, तर बेल दाबून उपयोग नसतो. मी दारासमोर उभा राहतो आणि पाय आपटतो. खालच्या मजल्यावर कोणाचं तरी दार किंचित उघडतं आणि परत लागतं. मी पुन्हा आपटतो, टाच रोवून, जरा जोरात, म्हणजे लादीतून आतपर्यंत जाईल. मग थांबतो. आतून लॅच सरकल्याचा खट् असा आवाज येतो. तो खरंच आला की मीच ऐकला, हे दार उघडेपर्यंत मला सांगता येत नाही.